छातीत जळजळ आणि रात्री घशाशी येणारं आंबट: पथ्याच्या यादीआधी काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४४. दोन वर्षांपासून जेवल्यावर छातीत जळजळ होते, रात्री आडवं झालं की घशाशी आंबट येतं, अधूनमधून ठसका लागून जाग येते. तिखट, तळलेलं, टोमॅटो, कॉफी, चॉकलेट सगळं बंद करून झालं. ॲसिडिटीची गोळी चालू असली की बरं वाटतं, सोडली की तीन-चार दिवसांत पुन्हा तेच. एंडोस्कोपीत काळजीचं काही निघालेलं नाही. गेल्या काही वर्षांत वजन आठ-नऊ किलोंनी वाढलंय. कामावरून यायला उशीर होतो, म्हणून रात्रीचं जेवण दहाला आणि झोप अकराला. काय खावं आणि काय खाऊ नये याची यादी हवी आहे, आणि गोळी कधी सुटेल हेही विचारलं आहे.

यादीबद्दल मी लिहिणार आहे, पण बरंच पुढे. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ‘जेवण दहाला आणि झोप अकराला’ ही आहे. पोटविकारांवर उपचार करताना हे सतत दिसतं. माणसं आवडीचे पदार्थ एकेक करून सोडत जातात, जेवणातला आनंद जातो आणि जळजळ मात्र तशीच राहते. रिफ्लक्समध्ये, म्हणजे जठरातलं ॲसिड वर अन्ननलिकेत येण्याच्या या त्रासात, किती खाल्लं, कधी खाल्लं आणि खाल्ल्यावर शरीर कोणत्या स्थितीत होतं, याला बहुतेकांच्या बाबतीत ‘काय खाल्लं’पेक्षा जास्त महत्त्व असतं.

त्याआधी एक गोष्ट, तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, दुखणं हात, खांदा किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम येत असेल, दम लागत असेल, तर ते ‘गॅसचं’ समजून घरी बसू नका. आधी हृदय तपासून घ्या, तेही तातडीनं. तसंच घास अडकणं, गिळताना दुखणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शौचाला होणं, रक्तचाचणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, सतत उलट्या होणं, किंवा साठीच्या आसपास पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणं, यांतलं काहीही असेल तर आहारात बदल करून वाट पाहायची नाही. डॉक्टरांकडे जायचं. तुमची एंडोस्कोपी झालेली आहे आणि यांतलं काही तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पुढचं लिहिते आहे.

आता हा त्रास होतो कसा, ते बघू. हे समजलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

जठर रोज साधारण दीड ते दोन लिटर पाचकरस तयार करतं आणि तो चांगलाच तीव्र आम्लधर्मी असतो. जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यामुळे जठराला त्याचा त्रास होत नाही. अन्ननलिकेला असं संरक्षण जवळजवळ नसतं. दोघांच्या मध्ये तीन-चार सेंटीमीटर लांबीचा एक गोल स्नायू असतो, त्याला आपण झडप म्हणू. घास आला की ती उघडते, एरवी आवळलेली राहते. श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचे, स्नायूही तिच्याभोवती असतात आणि बाहेरून तिला आधार देतात.

रिफ्लक्स म्हणजे ॲसिड जास्त तयार होणं, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांच्या जठरात ॲसिड इतरांइतकंच असतं. फक्त ते नको तिथे, म्हणजे वर अन्ननलिकेत जातं. जाण्याचा मुख्य मार्ग असा: जठर ताणलं गेलं की त्याच्या वरच्या भागातून मज्जातंतूंमार्फत संदेश जातो आणि घास गिळलेला नसतानाही झडप काही सेकंदांसाठी सैल पडते. ढेकर याच वाटेनं येतो, त्यामुळे ही क्रिया सगळ्यांच्याच शरीरात होते. पण पोट तुडुंब असेल तर ती पुन्हा पुन्हा होते, आणि हवेबरोबर ॲसिडही वर सरकतं.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जेवणानंतर अन्नात मिसळून ॲसिड सौम्य होतं हे खरं, पण सगळं नाही. ताज्या ॲसिडचा एक थर अन्नाच्या वर, अगदी झडपेलगत साचून राहतो. २००१ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी तो मोजून दाखवला. पोट भरलेलं असताना, म्हणजे ॲसिड अन्नात विरलेलं असायला हवं तेव्हाच जळजळ का होते, याचा उलगडा त्यानं झाला. जेवल्याजेवल्या आडवं झालं की हा थर झडपेवर टेकतो.

रात्र वाईट असते त्याची कारणं आणखी आहेत. जागेपणी वर आलेलं ॲसिड लगेच खाली ढकललं जातं: आपण नकळत सतत लाळ गिळत असतो, लाळ थोडी अल्कधर्मी असल्यामुळे उरलेलं ॲसिड ती सौम्य करते, आणि आपण ताठ असल्यामुळे गुरुत्वाकर्षणही मदत करतं. झोपेत गिळणं फार कमी होतं, लाळ जवळजवळ थांबते आणि शरीर आडवं असतं. दिवसा काही मिनिटांत साफ होणारं ॲसिड रात्री बराच वेळ अन्ननलिकेत पडून राहतं. ठसका, सकाळी बसलेला आवाज, तोंडाची आंबट चव, दातांवरचं कवच झिजणं, हे बहुतांशी या रात्रीच्या रिफ्लक्सचे परिणाम. म्हणून सुरुवात रात्रीपासून करायची.

शेवटचा घास आणि झोप यांत किमान तीन तास हवेत. तुम्ही म्हणाल, घरीच साडेनऊला पोहोचतो, तर हे जमायचं कसं? झोप एक वाजेपर्यंत लांबवून हे करू नका. अपुऱ्या झोपेनं अन्ननलिका जास्त संवेदनशील होते आणि तेवढ्याच ॲसिडनं जास्त जळजळ जाणवते. त्याऐवजी जेवणाचा भार पुढे सरकवा. संध्याकाळी सहा-साडेसहाला, कामाच्या ठिकाणीच, डब्यातून आणलेलं खरं जेवण करा. चिमणीसारखं थोडंथोडं खाणं नको, पोटभरीचा मोठा हिस्सा तिथेच संपवायचा. घरी आल्यावर घरच्यांबरोबर बसायचं असेल तर लहान वाटीभर काहीतरी हलकं, कमी तेलाचं घ्या आणि तेही आल्याआल्या. हा एक बदल नीट जमला तरी पुष्कळ लोकांची रात्रीची जाग थांबते. यात पेयंही आली. झोपताना ग्लासभर दूध म्हणजे पुन्हा जठर भरणंच.

दुसरा बदल पलंगाचा. डोक्याकडचे पलंगाचे पाय पंधरा ते वीस सेंटीमीटर उंच करायचे. दोन्ही पायांखाली सारख्या उंचीचे लाकडी ठोकळे घ्या, वरच्या बाजूला खळगा असलेले, म्हणजे पाय सरकणार नाहीत. सगळी गादी एका उतारावर आली पाहिजे. पहिल्या काही रात्री खाली घसरल्यासारखं वाटतं, मग सवय होते. पलंगावर दुसरं कोणी झोपत असेल तर त्यांना आधी विचारा. उतार दोघांनाही सोसायचा असतो. ते जमत नसेल तर पाचरीच्या आकाराची उशी मिळते, ती घ्या. ती इतकी लांब हवी की खांद्यांच्या पात्यांखालपासून, शक्यतो कमरेपासूनच शरीर वर उचललं जाईल.

दोन-तीन साध्या उशा एकावर एक ठेवणं हा यावरचा उपाय नाही, हे मुद्दाम सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. त्यानं फक्त मान वर होते, शरीर कमरेत दुमडतं, पोटावर दाब येतो आणि मान दुखते ती वेगळीच.

तिसरं, डाव्या कुशीवर झोपा. जठर पोटाच्या डावीकडे असतं आणि अन्ननलिका त्याला वरच्या उजव्या अंगानं जोडलेली असते. डाव्या कुशीवर असताना जठरातला रस खाली राहतो आणि झडप त्याच्या वर. उजव्या कुशीवर नेमकं उलट होतं, झडप रसात बुडते. झोपेत कूस बदलली जाणारच, त्याची चिंता करू नका. झोप लागताना डावी कूस असली आणि जाग आल्यावर पुन्हा डावीकडे वळलात, तरी फरक पडतो. पाठीमागे एक लांब उशी लावून ठेवली तर उजवीकडे वळणं आपोआप कमी होतं.

वजनाचा विषय लोकांना टोचतो, त्यामुळे डॉक्टरही कधीकधी तो उरकून टाकतात. मला तो उरकायचा नाही, कारण रिफ्लक्सवरच्या जीवनशैलीच्या उपायांत सगळ्यात भक्कम पुरावा याच उपायाला आहे. पोटाभोवतीची चरबी जठरावर आतून दाब आणते, झडप आणि श्वासपटल यांची एकमेकांवरची पकड ढिली होते, आणि जठराचा वरचा भाग छातीच्या बाजूला सरकण्याची, म्हणजे हायटस हर्नियाची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) साडेतीनपेक्षा जास्त अंकांनी वाढलेल्या स्त्रियांत वारंवार जळजळ होण्याची शक्यता जवळपास तिप्पट दिसली, आणि ज्यांचं वजन मुळात ‘नॉर्मल’च होतं त्यांच्यातही हे दिसलं. तुमचे आठ-नऊ किलो म्हणजे मध्यम उंचीच्या माणसात बीएमआयचे सुमारे तीन अंक. तुमचा त्रास आणि वजनवाढ साधारण एकाच काळातले आहेत का, आठवून बघा. माझ्या अंदाजानं असतील.

याची चांगली बाजू अशी की, वजन पूर्ण उतरेपर्यंत थांबावं लागत नाही. सध्याच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के कमी झालं की बऱ्याच जणांना स्पष्ट फरक जाणवतो, आणि कमरेचा घेर त्याआधीच उतरू लागतो. घाई मात्र नको. उपाशी राहून झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. महिन्याला दीड-दोन किलोंची गती पुरेशी आहे.

कमरपट्टा सैल करणं हा फुकटचा उपाय. कमरेला घट्ट पट्टा बांधल्यावर जेवणानंतरचा रिफ्लक्स वाढतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. घट्ट जीन्स, पोट आवळणारे आतले कपडे, यांचंही तेच. जेवायला बसण्याआधी पट्टा एक भोक सैल करा.

आता जेवणाच्या आकाराबद्दल. झडप सैल पडण्याचं मुख्य कारण जठराचा ताण आहे, हे वर आलंच. त्यामुळे एका बैठकीत खाल्लेल्याचं एकूण आकारमान, घन आणि द्रव मिळून, महत्त्वाचं. दोन मोठ्या जेवणांऐवजी तीन मध्यम आणि गरज पडली तर मधे एक लहान, इतकं पुरे. ‘पोट रिकामं ठेवू नका’ या सल्ल्याचा अर्थ काही जण दर तासाला काहीतरी तोंडात टाकणं असा घेतात. त्यानं जठराला विश्रांती मिळत नाही आणि वजन वाढतं. जेवताना घोटघोट पाणी चालेल, पण जेवण संपल्यावर गटागटा दोन ग्लास नको. गॅसची पेयं सगळ्यात वाईट: आकारमानही वाढतं, ढेकरही येतात, आणि प्रत्येक ढेकराबरोबर झडप उघडते. सावकाश खा, घास नीट चावा. भरभर खाताना हवाही गिळली जाते.

तेलकट आणि फार स्निग्ध जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं, हे त्याचं खरं दुखणं. तळलेला एखादा तुकडा दुपारी खाल्ला तर बहुतेकांना काही होत नाही. तेच रात्री उशिरा, भरपेट झालं की हमखास त्रास होतो.

तंतुमय पदार्थांकडे मात्र दुर्लक्ष होतं. भाज्या, अख्खी धान्यं, शेंगवर्गीय पदार्थ, फळं यांनी वजन आटोक्यात राहतं आणि बद्धकोष्ठता टळते. बद्धकोष्ठता असेल तर कुंथताना पोटातला दाब वाढतो, त्याचाही रिफ्लक्सला हातभार लागतो. ज्यांच्या आहारात तंतू कमी होते अशा रुग्णांना इसबगोल देऊन केलेल्या एका छोट्या अभ्यासात झडपेचा दाब सुधारलेला आणि जळजळ कमी झालेली दिसली. अभ्यास लहान होता, त्यामुळे मी त्याला औषध म्हणणार नाही. पण आहारात तंतू कमी असतील तर हळूहळू वाढवण्यात फायदाच आहे. एकदम वाढवलेत तर पोट फुगेल.

आता तुम्हाला हवी असलेली यादी. नेहमी नावं येतात ती ही: कॉफी, कडक चहा, चॉकलेट, पुदिना, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं, कच्चा कांदा, लसूण, तिखट, मद्य. यांतल्या काहींमुळे झडप सैल पडते, काही आधीच लालसर झालेल्या अन्ननलिकेला झोंबतात. पण यांतला प्रत्येक पदार्थ प्रत्येकाला बाधतो असं नाही, आणि सरसकट सगळं सोडून फायदा होतो याचा पुरावाही कमकुवत आहे. म्हणून मी कुणालाही छापील पथ्य देत नाही. तुम्ही आधीच इतकं सोडलंय आणि तरी त्रास आहे. याचा अर्थ यांतले बरेच पदार्थ तुमच्या बाबतीत निर्दोष आहेत.

यासाठी वही ठेवा. चार रकाने: किती वाजता, काय आणि साधारण किती, त्यानंतरच्या तीन तासांत काय केलं, त्रास किती वाजता. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक विसरतात. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं ठाम मत होतं की त्यांना कॉफी बाधते. त्यांच्या वहीत सकाळची कॉफी रोज होती आणि सकाळचा त्रास एकदाही नव्हता. त्रास होता तो फक्त ज्या रात्री जेवणानंतर कॉफी घेऊन ते सोफ्यावर तिरके पडून टीव्ही बघायचे, त्या रात्री. सकाळची कॉफी तशीच चालू राहिली. जेवणानंतरची बंद झाली आणि सोफ्याऐवजी ते सरळ पाठीच्या खुर्चीवर बसू लागले. त्यांना याहून जास्त काही करावं लागलं नाही.

वहीत एखाद्या पदार्थावर संशय आला तर तो एकटाच दोन आठवडे बंद करा. फरक पडला नाही तर परत सुरू करा. फरक पडला तर एकदा मुद्दाम, दुपारी, थोड्या प्रमाणात खाऊन खात्री करा. एका वेळी एकच पदार्थ, नाहीतर काहीच कळत नाही. या पद्धतीनं शेवटी हातात दोन-तीन नावं उरतात, आणि तेवढं पथ्य माणूस वर्षानुवर्षं पाळू शकतो.

जेवल्यावर निदान तासभर ताठ राहा. रमतगमत चाललात तर उत्तम. भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं, काहीही चालेल, फक्त वाकून जमिनीवरचं काम नको. जड वजनं उचलणं, पोटाचे व्यायाम, जोरात धावणं हे रिकाम्या पोटी. व्यायाम सोडू नका, त्याची वेळ बदला.

श्वासाचा एक व्यायाम आहे, त्याबद्दल मला आस्था आहे, कारण तो थेट झडपेच्या बाहेरच्या आधारावर काम करतो. उताणं झोपून किंवा ताठ बसून एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवा. नाकानं सावकाश श्वास घ्या, असा की पोटावरचा हात वर यावा आणि छातीवरचा जवळपास स्थिर राहावा. ओठ किंचित आवळून त्याहून सावकाश श्वास सोडा. पाच मिनिटांपासून सुरुवात करून रोज अर्धा तास, हवं तर तुकड्यांत, इथपर्यंत जा. ऑस्ट्रियातल्या एका छोट्या नियंत्रित अभ्यासात असा सराव करणाऱ्यांच्या अन्ननलिकेतला ॲसिडचा संपर्क महिन्याभरात कमी झाला, आणि सराव चालू ठेवणाऱ्यांची औषधाची गरजही पुढे कमी झाली. जेवणानंतर सारखे ढेकर येण्याचा त्रास असेल तर त्यालाही याचा चांगला उपयोग होतो.

सिगारेट आणि तंबाखू झडप ढिली करतात, धूम्रपानानं लाळेची आम्ल मारण्याची ताकदही कमी होते. बंद करा, यात मधला मार्ग नाही. मद्य असेल तर कमी, आणि झोपण्याच्या वेळेजवळ मुळीच नको.

घरगुती उपायांबद्दल थोडं. थंड दुधानं क्षणभर बरं वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा ॲसिड करायला लावतात. दिवसा एखादवेळी चालेल, रात्रीची सवय नको. खाण्याच्या सोड्यात सोडियम भरपूर असतं आणि जठरात त्याचा वायू होतो. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊ नये. लिंबूपाणी किंवा व्हिनेगर पिऊन ॲसिडिटी बरी होते याला आधार नाही, दात मात्र झिजतात. जेवणानंतर अर्धा तास साखरविरहित च्युइंगगम चघळणं साधं वाटतं, पण लाळ वाढून अन्ननलिका धुतली जाते. पुदिन्याची चव टाळा. आणि तोंडात आंबट आलं तर लगेच दात घासू नका. साध्या पाण्यानं चूळ भरा, ब्रश अर्ध्या-एक तासानं.

तुम्ही इतर कुठली औषधं घेता ते लिहिलेलं नाही. रक्तदाबाची काही औषधं, छातीत दुखण्यावरची नायट्रेट्स, दम्यावरचं थिओफिलिन, काही झोपेच्या गोळ्या झडप सैल करतात. वेदनाशामक गोळ्या, हाडांसाठीची काही औषधं, डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं अन्ननलिकेला थेट इजा करू शकतात. स्वतःहून काही बंद करू नका, पण पुढच्या भेटीत सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा. कुठलीही गोळी ताठ बसून भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा तास आडवं होऊ नका.

राहिला गोळीचा प्रश्न. तुम्ही बहुधा ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या गटातली गोळी घेता. हिची वेळ फार जणांची चुकते. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते, कारण जेवणानं जागे झालेले, जठराच्या पेशींतले ॲसिडचे पंपच ती बंद पाडते. जेवल्यावर किंवा झोपताना घेतली तर निम्मा परिणाम वाया जातो.

गोळी सोडल्यावर तीन-चार दिवसांत त्रास परतणं म्हणजे गोळीशिवाय तुमचं चालणारच नाही, असा निष्कर्ष काढू नका. काही आठवडे ॲसिड दाबून ठेवलं की जठर ते भरून काढायला जास्त पेशी कामाला लावतं, आणि गोळी बंद होताच काही काळ ॲसिड नेहमीपेक्षा जास्त तयार होतं. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये कुठलाही त्रास नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन बंद केली, तर त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त जणांना नंतर ॲसिडिटीची लक्षणं आली. त्यामुळे एकदम सोडण्याऐवजी, आधी वरचे बदल सहा ते आठ आठवडे पक्के करा आणि मग डॉक्टरांशी बोलून मात्रा टप्प्याटप्प्यानं उतरवा: निम्मा डोस, मग एक दिवसाआड, मग फक्त गरजेला. या काळात जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेटचं पातळ औषध उपयोगी पडतं. ते जठरातल्या अन्नावर साईसारखा थर धरतं, नेमकं झडपेलगतच्या त्या ॲसिडच्या जागी.

गोळी सोडायचीच असा हट्ट मात्र सगळ्यांनी धरू नये. अन्ननलिकेला तीव्र सूज किंवा व्रण झालेले असतील, तिच्या अस्तरात बॅरेट्स नावाचा बदल झालेला असेल, किंवा ॲस्पिरिन-वेदनाशामकांमुळे रक्तस्रावाचा धोका म्हणून गोळी दिलेली असेल, तर तिचा फायदा धोक्यांपेक्षा बराच मोठा असतो. तुमच्या एंडोस्कोपीच्या अहवालात यांतलं काही लिहिलंय का, ते एकदा डॉक्टरांकडून समजून घ्या. ‘काळजीचं काही नाही’ या शब्दांवर थांबू नका.

अपेक्षा काय ठेवायची? रात्रीच्या तीन बदलांचा परिणाम साधारण दोन आठवड्यांत जाणवतो. वजनाचा परिणाम यायला काही महिने लागतात. अधूनमधून एखादी वाईट रात्र येईल, लग्नकार्यात जेवण उशिरा होईल, त्या दिवशी अल्जिनेट घ्या, डाव्या कुशीवर झोपा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळांवर परत या.

हे सगळं आठ आठवडे नीट करून आणि गोळी योग्य वेळी घेऊनही काहीच फरक पडला नाही, तर गोळीचा डोस वाढवत बसण्यात अर्थ नाही. तेव्हा अन्ननलिकेतल्या ॲसिडची चोवीस तासांची किंवा त्याहून लांब चाचणी करून घ्यावी. तुमच्यासारख्या रुग्णात, ज्याच्या एंडोस्कोपीत रिफ्लक्सचा ठोस पुरावा नाही, ती सहसा औषध काही दिवस बंद ठेवून करतात. काही जणांत या चाचणीत ॲसिड अगदी सामान्य निघतं. जळजळ खरी असते, पण ती अन्ननलिकेच्या मज्जातंतूंच्या अतिसंवेदनशीलतेमुळे होत असते, आणि तिच्यावरचे उपचार पूर्ण वेगळे आहेत: कमी मात्रेतली मज्जातंतूंवरची औषधं, श्वासाचे व्यायाम, ताणावरचं समुपदेशन. चाचणीला जाताना तुमची वही बरोबर न्या. त्रास कोणत्या मिनिटाला झाला आणि त्या मिनिटाला यंत्रात काय नोंदलं गेलं, हे ताडून पाहूनच निदान होतं, आणि वेळ लिहून ठेवायची सवय तोवर तुम्हाला लागलेली असेल.